प्रिझर्व्हेटिव्हचा पाठीराखा: ईडीटीए आला कुठून, आता चालला का

क्रीमच्या डबीवरच्या यादीत ‘डायसोडियम ईडीटीए’ हे नाव बहुधा शेवटी-शेवटी सापडतं. ईडीटीए म्हणजे कॅल्शियमसारखे धातू घट्ट धरून ठेवणारं रसायन. हा घटक प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे जंतूंपासून टिकवणारा, नाही. एकटा तो फारसे जंतू मारत नाही, प्रिझर्व्हेटिव्हला आत शिरायला वाट करून देतो.

१९३५ मध्ये जर्मनीत फर्डिनांड म्युंत्स यांनी ईडीटीएचं वर्णन केलं, तेव्हा डोळ्यांपुढे कापडाचं रंगकाम होतं. कठीण पाण्यातलं कॅल्शियम त्यात आडवं येई. प्रसाधनांतलं त्याचं मोल नंतर उमगलं. पॅराबेन हे प्रिझर्व्हेटिव्ह बुरशीवर चांगले, पण स्यूडोमोनाससारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंपुढे कमी पडत. या जिवाणूंचं बाहेरचं आवरण मॅग्नेशियम-कॅल्शियमच्या टाक्यांनी शिवलेलं असतं. ईडीटीए ते टाके उसवतो, हे १९६५ च्या सुमारास प्रयोगांतून पुढे आलं. किलोमागे १ ग्रॅमही पुरतो.

मात्र पाणी चांगलं हवं. मुंबईत पालिकेचं तलावाचं पाणी तसं हलकं, टँकरचं किंवा बोअरचं तसं नसतं. लिटरला ३०० मिलिग्रॅम कठीणपणा असेल तर त्या एका लिटरमध्येच १ ग्रॅम ईडीटीए जवळपास सगळा खर्ची पडतो, जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून डीएम (क्षार काढून टाकलेलं) पाणीच वापरायचं. मुलतानी मातीच्या लेपातही असंच होतं, कारण माती स्वतःच कॅल्शियम सोडते.

२००४ मध्ये स्तनाच्या गाठींत पॅराबेन आढळल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याने कारण सिद्ध झालं नव्हतं, तरी ‘पॅराबेनमुक्त’ची लाट आली. फिनॉक्सीइथेनॉल (युरोपात कमाल १ टक्का) आणि सोडियम बेंझोएट हे दुसरे प्रिझर्व्हेटिव्ह पुढे आले, आणि पाठीराख्याची गरज वाढली.

अडचण त्याच्या गुणातच आहे. पकड घट्ट, म्हणून सांडपाण्याच्या प्रक्रियेत ईडीटीए सहज मोडत नाही आणि धातू सोबत घेऊन पुढे जातो. वरळी-वांद्र्याहून सांडपाणी समुद्रात सोडणाऱ्या शहराला हे दूरचं वाटू नये. नैसर्गिक प्रसाधनांच्या कॉसमॉस मानकात तो चालत नाही.

पर्याय म्हणून जीएलडीए येतो. किण्वनातून मिळणाऱ्या ग्लुटामिक आम्लापासून बनतो, लवकर विघटित होतो. पण कॅल्शियमवरची पकड सैल, आणि तो साधारण ४७ टक्क्यांच्या, पीएच ११ च्या आसपासच्या द्रावणात मिळतो. १ ग्रॅम हवा तर २.१ ग्रॅम द्रावण घ्यावं लागतं. चूक इथेच होते: पीएच न पाहता ओतलं, तर तो चढतो आणि बेंझोएटचं काम थंडावतं. पीएच ५ ला बेंझोएटचा सुमारे १४ टक्के भाग कामाचा असतो, ६ ला जेमतेम दीड टक्का. म्हणून जीएलडीए आधी पाण्यात, मग बेंझोएट, शेवटी लॅक्टिक आम्लाने पीएच ५ च्या खाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायचा.

पाठीराखा नुसता काढून टाकणं आम्हाला मान्य नाही. तसं केलं की प्रिझर्व्हेटिव्हचं प्रमाण वाढवावं लागतं. आणि बदल केला की जुना चॅलेंज टेस्टचा अहवाल बाद, ती चाचणी पुन्हा करायची: क्रीममध्ये पाच जंतू घालून २८ दिवस पाहायचं, सातव्या दिवसापर्यंत जिवाणू हजारात एक इतके उतरले पाहिजेत.