स्वयंप्रतिकारक मधुमेह : मूलनिवासी आणि इतर समाज

प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातील बीटा पेशींवर उलटून त्या नष्ट करते, तेव्हा होणारा मधुमेह. बालवयातला टाइप १ हा त्याचा ठळक प्रकार. तिशीनंतर संथ गतीने येणारा लाडा (प्रौढांतला स्वयंप्रतिकारक मधुमेह) मात्र बरेचदा टाइप २, म्हणजे शरीर इन्सुलिनला नीट दाद न देणारा नेहमीचा मधुमेह, समजून गोळ्यांवर ठेवला जातो.

फिनलंडमध्ये १५ वर्षांखालील दर लाख मुलांमागे वर्षाला टाइप १ चे ५० हून अधिक नवे रुग्ण सापडतात. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या पिमा या मूलनिवासी लोकांत टाइप २ अगदी मुलांतही आढळतो, टाइप १ जवळपास नाहीच. न्यूझीलंडचे माओरी आणि चिलीतले मापुचे या मूलनिवासींतही टाइप १ चे प्रमाण युरोपीय वंशाच्या शेजाऱ्यांपेक्षा कमी आहे. याचे एक कारण प्रतिकारयंत्रणेला आपले-परके ओळखायला मदत करणाऱ्या एचएलए जनुकांत आहे. त्यांचे डीआर ३ आणि डीआर ४ हे प्रकार टाइप १ चा धोका वाढवतात : डीआर ३ मूळ अमेरिकी समाजांत बहुतांशी युरोपीय संकरातून आला, डीआर ४ भरपूर असला तरी त्याचे तिथले उपप्रकार कमी धोक्याचे.

निदानातली खरी अडचण इथूनच सुरू होते. गॅड प्रतिपिंडाची (बीटा पेशींतल्या गॅड या प्रथिनाविरुद्ध बनणारे, स्वयंप्रतिकाराची खूण असणारे प्रतिपिंड) मर्यादा ९९ व्या शतमकावर ठेवली, तर शंभर निरोगी माणसांत एक पॉझिटिव्ह येणारच. समजा, १,००० मधुमेहींत खरे स्वयंप्रतिकारक रुग्ण ५ आहेत; तर सुमारे १० अहवाल खोटे पॉझिटिव्ह निघतील. फिनलंडच्या मुलांत खरे रुग्णच जास्त, म्हणून हाच अहवाल पुरेसा ठरतो, पिमांत नाही. म्हणून बीटा पेशींतल्या इतर प्रथिनांविरुद्धचे आयए-२ किंवा झेडएनटी-८ हे दुसरे प्रतिपिंड तपासावे. इन्सुलिन प्रतिपिंडाची चाचणी इंजेक्शने सुरू होऊन दोनेक आठवडे झाल्यावर निरर्थक ठरते. निदानानंतर तीनेक वर्षांनी सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते ते दाखवणारा रक्तातला घटक) २०० पिकोमोल प्रतिलिटरच्या खाली असेल तर टाइप १, ६०० च्या वर असेल तर बहुधा टाइप २. मात्र नमुना घेताना साखर ७० मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटरच्या खाली असेल तर आकडा फसवा.

उलटी चूक अधिक घातक : ‘मूलनिवासी म्हणजे टाइप २’ असे धरून इन्सुलिन लांबवणे. मूल वाळत चालले असेल, लघवीत कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळून बनणारे पदार्थ) असतील, तर प्रतिपिंडांच्या अहवालासाठी थांबायचे नाही. तिसरी शक्यताही असते : कॅनडात ऑन्टॅरिओतल्या सँडी लेकच्या ओजी-क्री या मूलनिवासी लोकांत एचएनएफ १ए जनुकातला बदल तरुणपणीच मधुमेह आणतो आणि तिथे प्रतिपिंडांचा संबंध नसतो.

महाराष्ट्रात विदर्भ आणि नंदुरबारच्या आदिवासी भागांत सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) बराच आहे. तिथे एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) खोटी कमी येऊ शकते, तेव्हा उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पाहावी.