लेव्हायथन (फायनल फँटसी)

लेव्हायथन : ‘फायनल फँटसी’ या जपानी व्हिडिओ गेम मालिकेत वारंवार येणारा जलराक्षस. रूप अजस्र सागरी सर्पाचे. पाय नाहीत, अंगावर बहुधा निळसर-हिरवे खवले, डोक्यामागे आणि पाठीवर पर. तत्त्व पाणी. मुख्य अस्त्र म्हणजे एकाच वेळी संपूर्ण पार्टीवर (खेळाडूच्या पात्रांच्या गटावर) कोसळणारी महालाट. स्क्वेअर (२००३ पासून स्क्वेअर एनिक्स) कंपनीच्या मालिकेतील दुसऱ्या भागात (१९८८) तो प्रथम आला. तिसऱ्या भागापासून (१९९०) त्याला हरवून आपल्या बाजूने लढायला बोलावता येते. अशा सहायकांना मालिकेत समन, एस्पर, जी.एफ., आयडोलॉन, प्रायमल, आयकॉन अशी भागागणिक निरनिराळी नावे आहेत. या नोंदीत सोयीसाठी ‘समन’ हेच वापरले आहे.

नाव आणि उगम : नाव हिब्रू बायबलमधले आहे. ईयोब (अध्याय ४१), स्तोत्रसंहिता (७४ व १०४) आणि यशया (२७:१) ही त्याची प्रमुख स्थळे. मराठी बायबलमध्ये ‘लिव्याथान’ असा उच्चार रूढ आहे. हा प्राणी मुळात कोणता, यावर जुना वाद आहे. सतराव्या शतकात सॅम्युएल बोशार याने ईयोबमधला लिव्याथान म्हणजे मगर असे मांडले आणि हे मत दीर्घकाळ टिकले. इतरांनी देवमासा सुचवला. १८९५ मध्ये हेर्मान गुंकेल याने प्राणिशास्त्राचा प्रश्न बाजूला ठेवून या उल्लेखांमागे सृष्टीपूर्व जलराक्षस आणि देव यांच्या युद्धाची पुराणकथा आहे असे म्हटले, आणि तिचे मूळ बाबिलोनच्या तियामातकथेत शोधले. सीरियाच्या किनाऱ्यावरील रास शाम्रा (प्राचीन उगारित) येथे १९२९ पासून मृत्तिकापट्ट सापडू लागल्यावर या मताचा दुसरा भाग मागे पडला. साधारणपणे इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या या पट्टांत बआल देवाने मारलेल्या सात डोक्यांच्या सर्पाचा उल्लेख आहे. त्याच्या नावाची फक्त व्यंजने लिहिलेली असल्याने लोतान की लितान हे निश्चित सांगता येत नाही. मात्र ‘पळणारा सर्प’, ‘वळसे घेणारा सर्प’ ही त्याची विशेषणे यशयातील विशेषणांशी इतकी जुळतात की कनानी उगम अधिक सयुक्तिक वाटतो. इंद्र-वृत्र कथेशीही या गटाची तुलना केली जाते. ती कथाबंधापुरती ठीक आहे; थेट संबंधाचा पुरावा नाही. (फायनल फँटसी १४ मध्ये वृत्र नावाचा एक ड्रॅगन आहे, पण त्याचा लेव्हायथनशी काही संबंध जोडलेला नाही.)

मालिकेने हे नाव कोणत्या वाटेने उचलले, हा वेगळा प्रश्न. पहिल्या भागातील (१९८७) बरेच राक्षस ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर खेळायच्या अमेरिकी खेळावरून आलेले आहेत. साहागिन हे मत्स्यमानव आणि ड्रॅगनरूपी बहामूट ही ठळक उदाहरणे. त्यावरून लेव्हायथनही तिथलाच असावा असा तर्क केला जातो. पण बहामूटच्या बाबतीत ड्रॅगनचे रूप हा सज्जड दुवा आहे, तसा लेव्हायथनच्या बाबतीत दिसत नाही. सात डोकी मालिकेत नाहीत. उलट दुसऱ्या आणि चौथ्या भागांत त्याचा संबंध माणसे गिळण्याशी आहे आणि ही खूण योनाच्या कथेची आहे. योनाच्या पुस्तकात गिळणारा ‘मोठा मासा’ आहे, लिव्याथान नव्हे. उत्तरकालीन यहुदी आख्यानांत योनाच्या माशाची लिव्याथानशी गाठ पडते, पण तिथेही दोघे वेगळेच. लोकप्रिय कल्पनेत ते एकरूप झाले आणि मालिकेने हे एकत्रित रूपच घेतले, असे मानणे अधिक योग्य.

बहामूट नावाची कथा येथे जोडूनच पाहावी लागते. मध्ययुगीन अरबी विश्वरचनेत पृथ्वीखाली एक बैल आणि बैलाखाली एक महामत्स्य आहे. मत्स्याचे नाव बहामूत, बैलाचे कुयूथा. बहामूत हे बायबलमधील बेहेमोथ या भूचर राक्षसाच्या नावाचे रूप असावे. कुयूथा हे लिव्याथानचे भ्रष्ट रूप असून दोन्ही नावांची अदलाबदल झाली, असे काही प्राच्यविद्यापंडितांचे मत आहे. ते ग्राह्य धरले तर सातव्या भागात (१९९७) एकाच जोडीची चार रूपे एकत्र नांदतात : ड्रॅगन बहामूट, बैल कुजाता, सर्प लेव्हायथन आणि साधा शत्रू बेहेमोथ. निर्मात्यांना हे ठाऊक असण्याची शक्यता कमी दिसते.

तिसरा धागा जपानी आहे. चौथ्या भागात (१९९१) लेव्हायथन हा समनांच्या भूमिगत जगाचा राजा, आशुरा ही त्याची राणी. बालिका रिडिया त्याच्या तावडीत सापडून तिथे पोहोचते आणि वर थोडाच काळ लोटलेला असताना तरुणी होऊन परतते. जपानी लोककथेतला उराशिमा तारो समुद्रतळीच्या नागराजाच्या महालात काही दिवस राहतो आणि परततो तेव्हा वर शतके उलटलेली असतात. काळाची दिशा उलटी केली आहे, पण सागरी सर्पराजाचा महाल आणि तिथली वेगळी कालगती या दोन्ही गोष्टी इतक्या नेमक्या आहेत की हे साम्य योगायोगाचे मानता येत नाही. सातव्या भागात तो पूर्व आशियाई वळणाच्या वूताई गावाचा जलदेव आहे, तेही याच दिशेने जाते.

प्रमुख आढळ : दुसऱ्या भागात तो जहाजासकट पार्टीला गिळतो. त्याच्याशी लढत होत नाही. पोटात अडकलेली माणसे भेटतात, ड्रॅगून (भालाधारी योद्धा) रिचर्ड सोबत येतो आणि राउंडवर्म या किड्याला मारून बाहेर पडायचे असते. तिसऱ्या भागात तो डोर सरोवरात भेटतो. हरवल्यावर मिळणारा मंत्र सातव्या पातळीचा, म्हणजे बहामूटच्या एक पायरी खालचा. येथे जॉबची (पात्राच्या पेशाची) निवड महत्त्वाची ठरते : एव्होकरने बोलावल्यास दोन सौम्य परिणामांपैकी कोणता होईल हे नशिबावर असते, महालाट हवी तर समनरच लागतो. नवखे खेळाडू एव्होकरकडून बोलावून पाहतात आणि समनच कमकुवत आहे असा समज करून घेतात.

चौथ्या भागात समनांच्या जगाकडे नेणाऱ्या गुहेची जमीन पावलागणिक एचपी (जीवनशक्ती) कमी करते, म्हणून आत शिरताच फ्लोट हा तरंगण्याचा मंत्र टाकावा आणि मजला बदलल्यावर पुन्हा टाकावा. आधी आशुराला हरवावे लागते. त्याशिवाय राजा लढायला तयार होत नाही. त्याच्या महालाटेने सर्वांचे एचपी एकदम घटते, त्यामुळे एकेकट्यावर क्युरागा हा बरे करण्याचा मंत्र टाकत बसलेली पार्टी मागे पडते. पार्टीतील रोझा या पात्राने तो सर्वांवर विभागून टाकावा. प्रत्येकाला मिळणारा वाटा कमी होतो, पण पुढच्या लाटेत कोणी पडत नाही. विजेचे हल्ले (थंडागा, रामू) त्याला जास्त लागतात.

पाचव्या भागात (१९९२) इस्टोरी धबधब्यात तो शिलालेखाच्या वाटेवर आडवा येतो. तयारीचा खरा मुद्दा अंगठीचा : कोरल रिंग घातलेल्याला पाण्याच्या हल्ल्याने इजा न होता एचपी भरते. चौघांनी घातल्यास महालाट त्यांचे औषधच बनते. हे न कळल्यामुळे अनेकजण केवळ लेव्हल वाढवण्यात तास घालवतात. मिळणारे समन पाचव्या पातळीचे, खर्च ३९ एमपी (मंत्रशक्ती).

सहाव्या भागात (१९९४) तो मुळात नव्हता; पाण्याचे समन म्हणून बिस्मार्क हा देवमासा होता. गेमबॉय ॲडव्हान्स आवृत्तीत (जपानमध्ये २००६) तो जोडण्यात आला. कथेत जग उद्ध्वस्त झाल्यानंतर निकिआहून दक्षिण फिगारोकडे जाणाऱ्या जहाजावर तो गाठ घालतो. २०२२ च्या पिक्सेल रिमास्टर या नव्या आवृत्तीमध्ये तो पुन्हा वगळला आहे. जुन्या मार्गदर्शिका वाचून तिथे शोधणाऱ्यांचा वेळ वाया जातो, म्हणून आवृत्ती आधी तपासावी.

सातव्या भागात तो लाल मटेरियाच्या (शक्ती देणाऱ्या गोळ्याच्या) रूपात, खर्च ७८ एमपी. वूताईच्या पॅगोडात पार्टीतील युफी या पात्राने एकटीने गोर्की, शेक, चेखव, स्टानिव आणि शेवटी वडील गोदो अशा पाच लढती जिंकायच्या असतात. त्याआधी गावातले मटेरियाचोरीचे प्रकरण पूर्ण झालेले असावे लागते. युफीला नेहमी राखीव ठेवणाऱ्यांची येथे पंचाईत होते, कारण इतरांची ताकद कामी येत नाही. तिचे उत्तम शस्त्र आणि बरे करणारे मटेरिया आधीच तिला द्यावेत. ‘लेव्हायथन स्केल्स’ ही वेगळी वस्तू आहे. ती जुनॉनच्या पाण्याखालच्या रिॲक्टरमध्ये मिळते आणि वूताईच्या दा-चाओ गुहेतली आग विझवते. आगीपलीकडे ‘स्टील ॲज वेल’ मटेरिया आणि युफीचे ओरित्सुरू शस्त्र आहे. तो रिॲक्टर नंतर बंद होत असल्याने पेटी तेव्हाच उघडावी. २०२० च्या रीमेकमध्ये तो चॅडली या पात्राच्या आभासी लढतीत भेटतो.

आठव्या भागात (१९९९) तो लढतीत ‘ड्रॉ’ करून (शत्रूकडून काढून घेऊन) मिळवायचा असतो, बालाम गार्डन या लष्करी शाळेच्या तळघरातील नॉर्ग या शत्रूकडून. आधी नॉर्गचे कवच फोडावे. दोन बाजूंचे गोळे निळ्यावरून पिवळे, मग लाल होत जातात. त्यांच्यावर अधूनमधून वार करून ते निळे ठेवावेत, म्हणजे नॉर्गचे हल्ले आवाक्यात राहतात. कवच उघडल्यावर ड्रॉच्या यादीत लेव्हायथन दिसतो. घाईत नॉर्गला मारून टाकणे ही येथली नेहमीची चूक. संधी हुकल्यास अल्टिमेशियाच्या किल्ल्यातील ट्रॉमा या शत्रूकडून तो घेता येतो, पण तोवर गेम जवळजवळ संपत आलेला असतो आणि त्याची ‘रिकव्हर’ ही मंत्रांचा साठा न खर्चता पूर्ण बरे करणारी आज्ञा आधीच्या सगळ्या प्रवासात हुकलेली असते.

नवव्या भागात (२०००) तो गार्नेट या राजकन्येचा समन. ॲक्वामरीन रत्नातून तो शिकता येतो आणि जवळ जितकी ॲक्वामरीन रत्ने तितका त्याचा जोर वाढतो. ती विकू नयेत. दहाव्या भागात तो नाही.

ऑनलाइन भाग : अकराव्या भागात (२००२) ‘ट्रायल बाय वॉटर’ या मोहिमेतून तो मिळतो, सुरुवात नॉर्ग गावात, लढत डेन ऑफ रँकरमधील क्लॉइस्टर ऑफ टाइड्स येथे.

चौदाव्या भागात तो साहागिन जमातीचा प्रायमल आहे. २.२ पॅच या अद्ययावत आवृत्तीत (मार्च २०१४) आलेली ‘द व्होर्लईटर’ ही आठ जणांची लढत या राक्षसाचे आजवरचे सर्वांत नीट घडवलेले रूप म्हणावे लागेल, कारण तिच्यात समुद्र हाच शत्रू वाटतो. रणांगण म्हणजे एकत्र बांधलेली दोन जहाजे. लेव्हायथन बुडी मारतो, एका बाजूने अंग आदळतो आणि तराफा कलतो. पाण्यातल्या खळबळीवरून तो कुठून येणार हे ओळखून आधीच जागा घ्यावी, नाहीतर घसरून समुद्रात पडणे ठरलेले. कठड्याविना खेळायच्या एक्स्ट्रीम रूपात पडलेल्या माणसाला पुन्हा उठवता येत नाही. डोके आणि शेपूट अशी दोन लक्ष्ये असतात : मंत्र टाकणाऱ्यांनी डोके, बाणांसारखे दुरून शारीरिक हल्ले करणाऱ्यांनी शेपूट धरावे; उलट केल्यास हल्ला परतून स्वतःलाच लागतो. तो दिसेनासा होऊन महालाटेची वेळ झाली की जहाजाच्या मध्यावरील यंत्र चालू करून कवच उभे करायचे. कवच थोडाच वेळ टिकते. फार लवकर चालू केले तर लाटेआधी संपते, आणि कोणीच केले नाही तर आठही जण मरतात. ‘दुसरा करील’ म्हणून हे राहून जाते, म्हणून लढतीआधी एकाचे नाव ठरवून घ्यावे. २०१९ मध्ये ‘ईडन्स गेट : इनन्डेशन’ या लढतीत तो परतला.

अलीकडील भाग : पंधराव्या भागात (२०१६) आल्टिसिया या कालव्यांच्या शहराखाली झोपलेली ती सहा देवांपैकी एक, येथे ती स्त्रीरूप आहे आणि लुनाफ्रेया या पात्राच्या विधीने जागी होते. सोळाव्या भागात (२०२३) हरवलेला आयकॉन म्हणून त्याचा फक्त उल्लेख होता. १८ एप्रिल २०२४ रोजी आलेल्या ‘द रायझिंग टाइड’ या पुरवणीत मिसिडिया प्रदेशासह तो प्रत्यक्ष आला. तिथल्या लढतीत एक टप्पा वेळेच्या मर्यादेचा आहे : त्सुनामी येण्याआधी ठरावीक इजा झाली नाही तर हार होते. या टप्प्यासाठी जोरदार हल्ले राखून ठेवावेत. आधीच्या टप्प्यात ते उधळणारे येथे अडकतात. विजयानंतर नायक क्लाइव्हच्या हाताला सर्पमुख येते आणि त्यातून पाण्याचे वार सोडता येतात.