कासेर्ता शरणागती

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इटलीतील जर्मन सैन्याने दोस्त राष्ट्रांपुढे पत्करलेली बिनशर्त शरणागती. नेपल्सच्या उत्तरेस कासेर्ता येथील राजवाड्यात भूमध्य क्षेत्रातील दोस्तांचे सरसेनापती फील्ड मार्शल अलेक्झांडर यांचे मुख्यालय होते. तेथे 29 एप्रिल 1945 रोजी करारावर सह्या झाल्या. अंमल 2 मे रोजी दुपारी सुरू झाला. लढाई त्या दिवशी थांबल्याने शरणागतीची तारीख म्हणून 2 मे हीच ग्राह्य धरणे उचित.

शरणागतीचे श्रेय कोणाचे, याबद्दल मतभेद आहेत. एसएस या नाझींच्या सशस्त्र संघटनेचा इटलीतील जनरल कार्ल वोल्फ याने 8 मार्च रोजी स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे अमेरिकी हेरखात्याचे ॲलन डलेस यांची गुप्तपणे भेट घेतली. 19 मार्च रोजी त्याच देशातील आस्कोना येथे दोस्तांचे सेनाधिकारीही बोलणीत उतरले. सोव्हिएत प्रतिनिधींना दूर ठेवल्याने स्टालिन-रूझवेल्ट पत्रव्यवहारात कटुता आली. काही अभ्यासक शीतयुद्धाची चाहूल येथेच पाहतात. या बोलण्यांनी युद्ध बरेच लवकर संपले, असे एक मत आहे. मात्र 20 एप्रिलच्या सुमारास वॉशिंग्टनने डलेस यांना संपर्क तोडायला सांगितले होते, आणि तोवर जर्मन फळी ढासळली होती. त्यामुळे वाटाघाटींनी फार तर थोडे दिवस वाचवले, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

ही फळी मोडणारा दोस्तांचा निर्णायक हल्ला 9 एप्रिल रोजी उत्तर इटलीतील सेनिओ नदीवर सुरू झाला. नदीच्या दोन्ही काठांवर मातीचे उंच बांध होते. जर्मनांनी त्यांत मशीनगनची ठाणी खोदली होती आणि सुरुंग पेरले होते. 8व्या भारतीय डिव्हिजनमधील 5व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीतील शिपाई नामदेव जाधव (अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) हे कंपनीचे निरोप पोचवण्याच्या कामावर होते. दोघा जखमींना त्यांनी एकेक करून खोल पाण्यातून व सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले. पुन्हा नदी ओलांडून त्यांनी एक ठाणे टॉमीगनने बंद पाडले. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा आणखी दोन ठाणी हातबॉम्बने उडवली. मग तोफगोळ्यांच्या माऱ्यात बांधावर उभे राहून, मराठ्यांचा रणघोष करत त्यांनी मागच्या कंपन्यांना पलीकडे बोलावून घेतले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. शरणागतीच्या इतिहासात या नदीकाठाला आस्कोनाइतकी तरी जागा मिळायला हवी.

करारावर इटलीतील जर्मन सरसेनापती फॉन फीटिंगहॉफ व वोल्फ यांच्या वतीने दोन दुय्यम अधिकाऱ्यांनी सह्या केल्या. वरिष्ठ सेनापती केसेलरिंग याने मात्र फीटिंगहॉफला पदावरून हटवले व हिटलरच्या मृत्यूनंतरच संमती दिली. नाझी नेत्यांवर जेथे खटले चालले त्या न्यूरेंबर्ग येथे वोल्फवर खटला चालला नाही. ज्यूंना ट्रेब्लिंका या नाझी मृत्युछावणीत पाठवण्यातील सहभागाबद्दल 1964 मध्ये म्यूनिकच्या न्यायालयाने त्याला 15 वर्षांची शिक्षा दिली.