एन.सी. आणि एफआयआर: पोलीस ठाण्यातून हाती येणारे दोन वेगळे कागद

भांडण किंवा मारहाणीची तक्रार देऊन पोलीस ठाण्यातून परतलेला माणूस घरच्यांना "केस केली" एवढेच सांगतो. हाती मिळालेला कागद अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा, म्हणजे एन.सी.चा आहे की प्रथम खबरी अहवालाची, म्हणजे एफआयआरची प्रत आहे, हे त्याने बहुधा पाहिलेले नसते. पंधरा दिवस उलटूनही समोरच्याला कोणी बोलावत नाही, तेव्हा पोलिसांनी पैसे खाल्ले असे तो धरून चालतो. तसे कधी घडतही असेल. पण हातातला कागद एन.सी.चा असेल, तर त्या प्रकरणाचा तपास आपणहून सुरू करण्याचा अधिकारच पोलिसांना नसतो, आणि ही गोष्ट तक्रारदाराला त्याच टेबलाशी समजावून सांगितली गेली असती, तर पोलिसांविषयीचा निम्मा अविश्वास तिथेच मिटला असता असे मला वाटते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या दोन नोंदींसाठी दोन स्वतंत्र कलमे आहेत. कलम १७३ दखलपात्र गुन्ह्याच्या खबरीचे आहे: खबर लिहून घ्यायची, ती देणाऱ्याला वाचून दाखवायची, त्याची सही घ्यायची, प्रत विनामूल्य द्यायची, त्यानंतर पोलीस न्यायालयाला न विचारता तपास करू शकतात आणि कायद्याच्या अटी पाळून वॉरंटाशिवाय अटकही करू शकतात. कलम १७४ अदखलपात्र गुन्ह्याचे आहे. तिथे खबरीचा सारांश नोंदवहीत लिहून तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचे असते, आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करण्यास पोलिसांना स्पष्ट मनाई आहे. एन.सी.च्या कागदावर न्यायालयात दाद मागण्याची जी समज लिहिलेली असते, ती याच तरतुदीतून आलेली आहे. तक्रारदाराला वाटेला लावण्यासाठी ठाणे अंमलदाराने ती पदरची घातलेली नसते.

कोणता गुन्हा कोणत्या बाजूला पडतो, हे संहितेच्या पहिल्या अनुसूचीत ठरवून दिलेले आहे. पूर्वी ठाण्यात सर्रास ऐकू येणारी भारतीय दंड संहितेची ३२३, ५०४, ५०६ ही कलमे तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत ११५(२), ३५२ आणि ३५१(२) झाली आहेत. साधी दुखापत, मुद्दाम केलेला अपमान आणि धमकी हे तिन्ही गुन्हे अदखलपात्रच राहिले. मात्र कोयत्यासारख्या हत्याराने दुखापत केली असेल, तर कलम ११८ लागते आणि गुन्हा दखलपात्र होतो. एकाच घटनेत अनेक गुन्हे असतील आणि त्यांतला एक जरी दखलपात्र असेल, तरी सगळे प्रकरण दखलपात्र समजले जाते.

ही सीमा पुढेही ओलांडली जाऊ शकते. समजा, रात्री शेजाऱ्याने ढकलून दिले, मनगट सुजले आणि त्या वेळी ११५(२) खाली एन.सी. नोंदवली गेली, दुसऱ्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये हाड मोडल्याचे दिसले, तर ती कलम ११६ च्या व्याख्येनुसार जबर दुखापत ठरते. शेजाऱ्याने ती जाणूनबुजून केल्याचे खबरीतून दिसत असेल, तर ११७(२) खाली दखलपात्र गुन्हा नोंदवता येतो. दुखापतीमुळे पंधरा दिवस तीव्र वेदना होत राहिल्या किंवा नेहमीचे व्यवहार करता आले नाहीत, तरीही हीच व्याख्या लागू पडते. म्हणून वैद्यकीय प्रमाणपत्र घेऊन पुन्हा ठाण्यात जावे, पहिली एन.सी. झाली की विषय संपला असे मुळीच नाही.

दखलपात्र गुन्हा एन.सी.त बसवणे मात्र गंभीर आहे, आणि त्याचे समर्थन कामाच्या ताणाच्या नावाखालीही करता येत नाही. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी आता अदखलपात्र आहे. पण हातातून हिसकावून नेलेला मोबाईल कितीही स्वस्त असला तरी कलम ३०४ खाली तो दखलपात्र गुन्हाच आहे, आणि त्याची नोंद 'गहाळ' म्हणून करणे ही तक्रारदाराची फसवणूक आहे. खबरीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल, तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये सांगितले. मात्र नागरिक सुरक्षा संहितेने तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकांच्या परवानगीने, चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा दिली आहे. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते आणि तिथेही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. हद्दीचे कारण तर चालतच नाही, कारण घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा घ्यावाच लागतो.

एन.सी. झाल्यावर पोलीस अगदी हात बांधून बसतात असेही नाही. शांतताभंगाची शक्यता दिसल्यास नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे प्रतिबंधक कारवाई होऊ शकते. बोलीभाषेत जिला चॅप्टर केस म्हणतात, ती हीच. तक्रारदार स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे तपासाचा आदेश मागू शकतो किंवा त्याच संहितेच्या कलम २२३ खाली थेट खाजगी फिर्याद दाखल करू शकतो, आणि दोन्हीकडे एन.सी.चा क्रमांक व तारीख उपयोगी पडते.

ठाण्यात बसलेले असताना सर्वाधिक लक्ष द्यावे ते लिहिल्या जाणाऱ्या मजकुराकडे. सांगताना "कोयता उगारून मारले" म्हटले आणि कागदावर केवळ "मारहाण केली" एवढेच उतरले, तर कलम बदलते आणि कागदही बदलतो. त्यामुळे मजकूर वाचून दाखवण्याचा आग्रह धरावा आणि गाळलेला शब्द घातल्यावरच सही करावी.