सांगली मालदीवशेजारी कशी गेली

आमची सांगली संगणकावर पहिल्यांदा उघडली ती मालदीवच्या पश्चिमेला, भर समुद्रात, विषुववृत्ताच्या रेघेवर. आयर्विन पूल, गावभाग, विश्रामबाग, मिरज, कुपवाड हे सगळं मिळून अडीचशे मीटर रुंदीत मावलं होतं. शिवाय दक्षिणेचं हरिपूर वर गेलेलं आणि उत्तरेचं माधवनगर खाली आलेलं.

झालं असं, की आमच्या मंडळाने पावसाळ्याआधी चौकात पूरनकाशाचा दहा बाय आठ फुटी फ्लेक्स लावला होता. त्यात वॉर्डांच्या हद्दी, निवारा केंद्रं, निळी आणि लाल पूररेषा असं सगळं होतं. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांना या रेषा समजावून सांगाव्या लागत नाहीत. ‘हाच नकाशा मोबाइलवर आला तर? आपण उभे आहोत ती जागा रेषेच्या आत की बाहेर, ते लगेच कळेल,’ असं कुणीतरी म्हणालं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. फ्लेक्सवाल्याने पेन ड्राइव्हवर फाइल दिली. नाव होतं ‘पूरनकाशा फायनल नवीन २’.

फाइल कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधली, म्हणजे व्हेक्टर. फोटो हा ठिपक्यांचा असतो, मोठा केला की फुटतो. व्हेक्टर चित्रात ठिपके साठवलेले नसतात, सूचना असतात: इथून इथपर्यंत रेघ ओढ, इथे वळण घे, आत निळा रंग भर. म्हणून तेच चित्र लग्नपत्रिकेवरही छापता येतं आणि होर्डिंगवरही. नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्येही रस्ते, नद्या, हद्दी अशाच बिंदू-रेघांनी साठवतात. त्यामुळे मला वाटलं, काय अवघड आहे, भाऊबंदच आहेत की.

भाऊबंद आहेत, पण एकाला पत्ता आहे आणि दुसऱ्याला नाही. कोरलच्या फाइलीत आयर्विन पूल कुठे आहे? कागदाच्या डाव्या कडेपासून अमुक मिलिमीटरवर. नकाशात तो कुठे आहे? पृथ्वीवर. यूटीएम नावाच्या पद्धतीत पृथ्वीचे उभे पट्टे पाडून जागा मीटरमध्ये सांगतात. आपल्याकडे त्यातला सोयीचा म्हणजे ४३ वा पट्टा, ७२ ते ७८ अंश रेखांशांमधला. या मोजणीत सांगली पूर्वेच्या दिशेने साधारण साडेचार लाख मीटरवर आणि विषुववृत्तापासून उत्तरेला साडेअठरा लाख मीटरच्या पुढे येते. या पट्ट्याचं शून्य-शून्य मालदीवच्या पश्चिमेला समुद्रात पडतं. माझ्या फाइलीतले आकडे शून्यापासून २५४ पर्यंतचे होते, सॉफ्टवेअरने ते मीटर समजून निमूटपणे तिथे मांडले. त्याची काही चूक नाही.

२५४ कुठून आले? फ्लेक्सवाले फुटांचं माप इंचात काढतात. दहा फुटी बोर्ड, तर फाइल दहा इंची. दहा इंच म्हणजे २५४ मिलिमीटर. एवढ्यात १५ किलोमीटर रुंदीचा भाग कोंबलेला, म्हणजे प्रमाण जवळपास ६० हजारांस एक. या फाइलीत दोन रेघांच्या टोकांमध्ये एक दशांश मिलिमीटरची फट राहिली, तर जमिनीवर ती सहा मीटरची होते. छापताना ती कुणाला दिसत नाही, वर जाड रेघ फिरवली की झाकली जाते. नकाशाच्या सॉफ्टवेअरला मात्र वॉर्ड म्हणजे बंदिस्त आकृती हवी असते. कुंपणाला सहा मीटरचं भगदाड असेल तर क्षेत्रफळ निघत नाही आणि ‘हा बिंदू आत की बाहेर’ या प्रश्नालाही उत्तर मिळत नाही. दोन संध्याकाळी मी फक्त टोकं जुळवत बसलो होतो.

आता हरिपूर वर का गेलं ते. मी आधी फाइल एसव्हीजीत काढून घेतली होती. वेब पानांवरच्या चित्रांसाठी २००१ मध्ये प्रमाणित झालेलं हे व्हेक्टरचं स्वरूप. ते साध्या मजकुरातच असतं, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतं. मोकळीक इतकी, तरी क्यूजीआयएस हे मोफत नकाशा सॉफ्टवेअर सर्वसाधारण एसव्हीजी नकाशाचा थर म्हणून उघडत नाही, ते फक्त चिन्हं म्हणून वापरतं. म्हणून मी छोटा प्रोग्रॅम लिहून त्यातले आकडे उपसले. तिथेच फसलो. एसव्हीजीत मोजणी कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू होते आणि खाली जावं तसा आकडा वाढतो, आपण वही लिहितो तसं. नकाशात उत्तरेला जावं तसा आकडा वाढतो. म्हणून हरिपूर वर, माधवनगर खाली.

पहिला विचार आला, अर्धं फिरवून टाकू. फिरवलं. हरिपूर खाली आलं, पण मिरज डावीकडे, पश्चिमेला गेलं! कारण हे उलटं फिरलेलं चित्र नव्हतंच, आरशातलं होतं. आरशातला डावा हात कितीही फिरवला तरी उजवा होत नाही. उभ्या आकड्याचं अधिक-उणे चिन्ह बदलायचं, बाकी काही नाही. नंतर शहाणपण सुचलं आणि फाइल डीएक्सएफमध्ये काढून घेतली. ऑटोकॅड या आराखड्यांच्या सॉफ्टवेअरबरोबर १९८२ मध्ये आलेलं हे स्वरूप क्यूजीआयएस वाचतं, आणि त्यात उभी मोजणी खालून वरच होते.

मग पत्ता द्यायचं काम. त्यामागचं गणित शाळेतलंच आहे. कागदावरचा बिंदू जमिनीवर न्यायचा तर सरकवायचं, फिरवायचं, ताणायचं, थोडं तिरकं करायचं. या सगळ्यासाठी मिळून सहा आकडे शोधावे लागतात. एका ओळखीच्या जागेचं कागदावरचं आणि जमिनीवरचं स्थान माहीत असेल तर दोन समीकरणं मिळतात, म्हणून तीन जागा पुरतात. क्यूजीआयएसच्या ३.२६ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, ही सोय स्कॅन केलेल्या नकाशांप्रमाणे व्हेक्टर फाइलींनाही मिळाली.

मी उत्साहात तीन जागा निवडल्या: सांगलीतला एक चौक, विश्रामबाग चौक आणि मिरजेतला एक चौक. सगळ्या ओळखीच्या, सगळ्या एकाच रस्त्यावर. नकाशा त्या रस्त्यावर चपखल बसला आणि रस्त्यापासून दूर जावं तसा वेडावाकडा होत गेला. एका रांगेतल्या तीन खिळ्यांवर फळी ठोकली तर ती आडवी डुलणारच! रस्त्याच्या दिशेने ताण किती, ते या तीन जागा सांगतात. आडव्या दिशेबद्दल त्या जवळजवळ मुक्या असतात. मग आयर्विन पुलाचं सांगलीवाडीकडचं टोक, हरिपूरचा कृष्णा-वारणा संगम, माधवनगर आणि कुपवाडमधले चौक अशा चारी बाजूंच्या जागा घेतल्या. संगमाबद्दल माझी थोडी कुरकुर आहे. नदीचं पात्र ऋतूप्रमाणे हलतं, १९२९ सालचा पूल जागचा हलत नाही.

तीनपेक्षा जास्त जागा दिल्या की सगळ्या एकदम जुळत नाहीत. सॉफ्टवेअर मधला मार्ग काढतं आणि प्रत्येक जागा किती मीटरने चुकली ते तक्त्यात दाखवतं. या सगळ्या उद्योगात मला सर्वांत आवडलेला भाग तो तक्ता. पूल आणि कुपवाड बरे निघाले. गावभागातल्या जागा मात्र खूपच चुकल्या होत्या. फ्लेक्सवाल्याला फोन केला.

“गावभागात बोळ लई आणि नावं लांब. बसंनात,” तो म्हणाला. “म्हणून तेवढा भाग जरा फुगवला.”

त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं, फ्लेक्स रस्त्यावरून वाचता यायला हवा. पण चित्राचा एकच तुकडा ताणलेला असेल तर आपले सहा आकडे हरतात, कारण ते अख्ख्या कागदाला एकच नियम लावतात. रबराच्या चादरीसारखी हवी तिथे ताणणारी पद्धतही सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती वापरली की दिलेल्या जागांवरच्या चुकांचा तक्ता शून्य दाखवतो आणि माणूस खूश होतो. मी ती मुद्दाम टाळली. त्यात चूक जात नाही, दिलेल्या जागांच्या मधल्या गल्ल्यांत लपते.

वळणांची भानगड त्यामानाने किरकोळ. कोरलमधली वळणं सलग, गुळगुळीत असतात, सूत्राने काढलेली, बेझिये पद्धतीची. नकाशात ती बहुधा छोट्या सरळ तुकड्यांत मोडतात. २० मीटर त्रिज्येच्या गोल चौकाचे आठ तुकडे केले तर रेघ मूळ वळणापासून दीड मीटरपर्यंत आत येते, बत्तीस केले तर दहा सेंटिमीटर. तुकडे वाढवा, विषय संपला.

अक्षरांनी मात्र रडवलं. निम्मी नावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली, सगळीकडे सारखं चालणारं युनिकोड येण्याआधीच्या. पडद्यावर ‘हरिपूर’ दिसतं, पण आत इंग्रजी कळांची खिचडी. फॉन्ट गेला की खिचडीच उरते. उरलेली नावं छापखान्यात फॉन्टचा घोळ नको म्हणून ‘कर्व्ह’ करून ठेवलेली, म्हणजे अक्षराचं नुसतं चित्र. नकाशात ती शेकडो चिमुकल्या आकृत्या होऊन आली. ‘व’चा पोटातला गोल वेगळा, रफार वेगळा. त्यातल्या काही तर वॉर्डांच्या यादीत वॉर्ड म्हणून घुसल्या होत्या! त्या सगळ्या पुसल्या, प्रत्येक वॉर्डाच्या तक्त्यात नावाचा रकाना केला आणि युनिकोडमध्ये नावं हाताने टाइप केली.

शेवटी उपग्रहचित्र खाली ठेवून पाहिलं. पूल पुलावर बसला, स्टेशन स्टेशनवर. वॉर्डांच्या हद्दी आणि निवारा केंद्रं मी ठेवली. पूररेषा काढून टाकल्या. फुगवलेल्या गावभागातून गेलेली लाल रेषा मोबाइलवर दाखवायची आणि कुणी तिच्यावर विसंबून घरातलं सामान वर न्यायचं की नाही ते ठरवायचं, हे मला पटेना. त्या रेषा मूळ सर्वेक्षणाच्या नकाशावरूनच घ्यायला हव्यात, त्यासाठी अर्ज केला आहे.

परवा फ्लेक्सवाल्याच्या दुकानात जाऊन नवा नकाशा दाखवला. त्याने मोबाइल हातात घेऊन गावभाग मोठा करून पाहिला, स्वतःच्या दुकानाची गल्ली शोधली. म्हणाला, “झ्याक बसलंय. आता हेच मला परत कोरलमधी द्या की, औंदाचा फ्लेक्स करायचाय.”