खरखर घालवण्याची किंमत

पावसाळ्यात वीज कडाडली की मीडियम वेव्हवरच्या बातम्या खरखरीत बुडतात. एफएमवर गाणं तसंच चालू राहतं. मीडियम वेव्हवर आवाज लाटेच्या उंचीतून पाठवतात आणि वीजही नेमकी त्या उंचीतच ढवळाढवळ करते. रेडिओला आवाज कुठला आणि वीज कुठली, हे कळणार कसं? एफएममध्ये लाटेची उंची कायम ठेवून आवाजानुसार तिची कंप्रता (सेकंदाला होणारी कंपनं) कमीजास्त करतात. वाटेत उंचीत काही गडबड झालीच, तर रेडिओ ती सरळ छाटून टाकतो.

कल्पना जुनीच होती. पण 1922 मध्ये जॉन कार्सन या अमेरिकन अभियंत्यांनी गणित मांडून दाखवलं, की या पद्धतीने प्रसारणाला लागणाऱ्या लहरींच्या पट्ट्यात काही बचत होत नाही. गणित चोख होतं. त्यावरून एफएम निकामी ठरवणं मात्र चुकलं. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन संशोधकांनी विचारलं, पट्टा वाचवायचाच कशाला? ऐसपैस वापरू! मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांत अंतरच 9-10 किलोहर्ट्झचं असतं. एफएमची कंप्रता दोन्ही बाजूंना 75-75 किलोहर्ट्झपर्यंत हलते. या उधळपट्टीतच शांतता मिळते.

1933 च्या डिसेंबरात आर्मस्ट्राँग यांना या पद्धतीची पेटंटं मिळाली. 1935 मध्ये न्यूयॉर्कला अभियंत्यांपुढे प्रात्यक्षिक झालं, तेव्हा ग्लासात पाणी ओतल्याचा आवाजसुद्धा स्वच्छ ऐकू आला.

पुढची गोष्ट कडू आहे. आरसीए या अमेरिकेतल्या बड्या रेडिओ कंपनीचे प्रमुख डेव्हिड सारनॉफ हे आर्मस्ट्राँग यांचे मित्र. आर्मस्ट्राँग यांची पत्नी मॅरियन पूर्वी सारनॉफ यांचीच सेक्रेटरी. पण कंपनीचं लक्ष टेलिव्हिजनकडे होतं. एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून चाललेले एफएमचे प्रयोग कंपनीने आवरायला लावले. आर्मस्ट्राँग यांनी मग न्यू जर्सीत, अल्पाइनला, स्वतःच्या पैशांनी मनोरा उभारला. 1945 मध्ये सरकारने एफएमचा पट्टा 42-50 मेगाहर्ट्झवरून उचलून 88 च्या वर नेला आणि घरोघरचे एफएम संच एका फटक्यात जुने झाले. आपल्या रेडिओवरचं 88 ते 108 तिथूनच आलेलं.

1948 मध्ये त्यांनी आरसीएवर पेटंटचा दावा लावला. पैसा आणि संसार दोन्ही त्यात झिजले. 1954 च्या हिवाळ्यात त्यांनी आत्महत्या केली. आरसीएवरचा आणि इतर कंपन्यांवरचे खटले मॅरियननी पुढे चालवले. शेवटचा निकाल 1967 मध्ये लागला, तोही त्यांच्याच बाजूने.

आकाशवाणीचं पहिलं एफएम प्रसारण 1977 मध्ये मद्रासहून झालं. तोवर मूळ पेटंटांची मुदत केव्हाच उलटली होती.