रंकाळ्याच्या थेंबातली खुराकाची कुस्ती

कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यातल्या पाण्याचा हिरवा रंग बघून आपण नाक मुरडतो. तेच पाणी अगदी बारीक जाळीतून गाळून, जाळीत उरलेला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की डोळा नळीवरून हलत नाही. डोक्यावर दोन चक्रं गरगरवत पारदर्शक जीव सुळसुळत असतात. हे रोटिफर, बहुतेक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. चक्रं खरी नव्हेत. केसांसारखे तंतू लाटेसारखे हलतात, भोवरा तयार होतो आणि शेवाळाच्या पेशी त्यांच्या तोंडात ओढल्या जातात.

रोटिफरच्या ब्रॅकिओनस वंशातल्या लहानमोठ्या जाती एकाच तळ्यात राहतात, बरंचसं तेच शेवाळ खातात. मग मोठ्यांनी लहानांना कधीच संपवायला हवं होतं. तालमींच्या गावात तर असंच वाटणार! पण ही कुस्ती अंगाला अंग न लावता होते. निकाल लागतो तो खुराकावर.

१९८५ साली स्टेमबर्गर आणि गिल्बर्ट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी रोटिफरच्या आठ जाती कमीजास्त खाद्यावर वाढवून पाहिल्या. जन्म-मृत्यूची जेमतेम तोंडमिळवणी व्हायला किमान किती खाद्य लागतं, ते मोजलं. लहान जातींचं थोडक्यात भागत होतं, मोठ्यांना बरंच जास्त लागत होतं. दोन टोकांत सुमारे १७ पटींचा फरक! मात्र खाद्याची रेलचेल झाली, की मोठ्या जाती झपाट्यानं वाढत.

म्हणजे टंचाईत लहान तगतो, सुगीत मोठा फोफावतो. तळ्यात शेवाळ सारखं कमीजास्त होत असतं. त्यात रोटिफरच्या माद्या एरवी नराशिवायच अंडी घालतात आणि उबदार पाण्यात नवी पिढी काही दिवसांत तयार होते. त्यामुळे एकानं कायमचं मैदान मारण्याआधीच पारडं फिरू शकतं.

आता गंमत बघा. जलपिसवांच्या, म्हणजे डॅफ्नियासारख्या कवचधारी जिवांच्या बाबतीत ब्रूक्स आणि डॉडसन यांनी १९६५ साली उलट मांडणी केली होती: मोठा जीव पाणी जास्त गाळतो, म्हणून खाद्याच्या स्पर्धेत तोच वरचढ. मोठ्या जलपिसवा रोटिफरच्या तोंडचा घास तर पळवतातच, शिवाय पाण्याबरोबर त्यांनाही आत ओढून इजा करतात. पण माशांना आधी दिसतात त्या याच. म्हणून मासे भरपूर असलेल्या तळ्यातल्या थेंबात मोठ्या जलपिसवा सहसा विरळाच, चक्रं फिरवणाऱ्यांची मात्र गर्दी असते.